लगद्याचा तक्ता

लढाईची वर्षं होती. हिंगोलीकडच्या गोरेगावच्या अंगाला, संस्थानी मुलखातल्या एका खेड्यात मी शाळामास्तर होतो, तोही कच्चा. सरकारी कारभार सगळा उर्दूत. इन्स्पेक्टरसाहेबांचा शेरा चांगला पडला तर मुस्तकिल, म्हणजे कायम. नाही तर बिस्तरा गुंडाळून घरी. नवं लग्न, आणि मी स्वभावानं भित्रा. वसमतकडच्या एका मास्तराला या साहेबांनी उभ्या उभ्या काढून टाकलं, हे ऐकल्यापासून मला घास गोड लागत नव्हता.

साहेबांना तक्त्यांचा भारी नाद. त्या वर्षी कागद मिळेना, पोरांच्या वह्या गेल्या आणि पाट्या परत आल्या. तेव्हा त्यांचा हुकूम आला: कागद ज्या लाकडी लगद्यापासून होतो, तो विलायतेनं आणि हिंदुस्ताननं साल-दर-साल बाहेरून किती आणला, याचा तक्ता भिंतीवर पाहिजे. ज्या गावात कागद नाही तिथं कागदाच्या लगद्याचा तक्ता. यात हसण्यासारखं काही आहे, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

आकडे आणायला मी हिंगोलीला एका वकिलांकडे गेलो. विलायतेचे इंग्रजी पुस्तकात मिळाले, हिंदुस्तानचे उर्दूत. परतीची बैलगाडी निघायच्या बेतात होती, म्हणून ओट्यावर बसून आकड्यांच्या दोन्ही ओळी घाईघाईनं चिठ्ठीवर उतरवल्या. हेडमास्तरांनी आपल्या पेटीतला जपून ठेवलेला एकुलता एक पांढरा कागद काढून दिला. ते मुसलमान गृहस्थ, पेन्शनीला आले होते. याच गावात त्यांचं घर, शेत, नातवंडं. विलायतेची चढउताराची रेघ मी तांबडी काढली, हिंदुस्तानची निळी.

साहेब यायच्या दिवशी सकाळी हेडमास्तर तक्त्यापुढं बराच वेळ उभे राहिले.

"मास्तर, लढाईपायी जहाजं बंद पडले. मग आपली निळी रेघ वर काहून चढून राहिली?"

उर्दू तक्त्यात पहिलं साल उजव्या हाताला असतं. मी मराठी शिकलेला माणूस. दोन्ही ओळी डावीकडूनच उतरवल्या होत्या. विलायत बरोबर होती, हिंदुस्तान मात्र शेवटाकडून सुरू झाला होता.

पात्यानं शाई खरवडून पाहिली तर कागद फाटू लागला. दुसरा कागद साऱ्या गावात नव्हता. गुंडाळून लपवावा, तर तक्ता तयार असल्याचं आम्ही आधीच कळवलेलं. "राहू द्या, पाहू," हेडमास्तर म्हणाले.

साहेब दुपारी आले. पोरांना पाढे विचारले, हजेरी पाहिली आणि तक्त्यापुढं थांबले. पाहून पुढं जातील असं मला वाटलं. त्यांनी छडीचं टोक निळ्या रेघेवर ठेवलं आणि शेवटपर्यंत नेलं.

"ये किसने बनाया?"

हेडमास्तरांनी माझ्याकडं पाहिलं. मी पायाच्या अंगठ्याकडं पाहत राहिलो. खरं सांगायचं तर तोंड उघडता आलं असतं. मी उघडलं नाही.

"जी, मैंने," हेडमास्तर म्हणाले.

साहेबांनी त्यांना सगळ्या शाळेसमोर फैलावर घेतलं, पांढऱ्या दाढीचा मुलाहिजा ठेवला नाही. मी दाराला टेकून उभा होतो. मला भीती वाटत होती ती एवढीच, की हेडमास्तर मध्येच माझं नाव घेतील. त्यांनी घेतलं नाही.

महिनाभरात दोन हुकूम आले. मी मुस्तकिल झालो. हेडमास्तरांची बदली गोदावरीपलीकडं झाली. नोकरीचे उरलेले दिवस घरदार सोडून तिथं काढायचे. बायकोनं आनंदानं साखर वाटली, ती वाटी घेऊन त्यांच्या गाडीपाशीही गेली. तिला काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी चिमूटभर तोंडात टाकली आणि "सुखी राहा, पोरी," म्हणाले. मी त्यांची पेटी गाडीत चढवली. पाय धरावेत, माफी मागावी असं फार वाटलं. पण गाडीवान ऐकत होता, आणि साहेबांच्या कानावर जाईल ही भीती तेव्हाही सुटली नव्हती.

गाडी हलताना ते वाकून हळूच म्हणाले, "मास्तर, तुमी बोलाल म्हणून मी थोडा वेळ थांबलो व्हतो."