तोफेवर वाळत घातलेले कपडे

सुहासने त्या बाईंना फसवलं, आणि तेही माझ्या तोंडून.

काल इथे परदेशात, डेव्हन रस्त्यावरच्या देशी दुकानात भाजी घेताना नीरफणस दिसला. नाकाशी धरला आणि डोकं फिरलं. पंधरा वर्षांपूर्वी पॅसिफिकमधल्या एका बेटावर त्या बाईंनी आम्हाला निखाऱ्यांवर भाजलेला नीरफणस खायला घातला होता. सुहास युद्धातल्या पडक्या बंकरांवर फिल्म करत होता. परवानग्या आणि घासाघीस माझ्याकडे. बाईंच्या परसात गंजलेली जपानी तोफ होती आणि तिच्या नळीवर नातवंडांचे कपडे वाळत होते.

"कपडे काढायला सांग यार, अवशेष अवशेषांसारखे दिसू देत," सुहास म्हणाला.

"तोफ तुमची की माझी?" बाईंनी मला सुनावलं.

मी हुज्जत घातली. शेवटी त्या एका अटीवर कबूल झाल्या. जपान्यांनी त्यांच्या वडिलांना बोगदा खणायला जुंपलं होतं. ते तिथेच मेले. "फिल्ममध्ये त्यांचं नाव घ्या. होआकिन." सुहासने मान डोलावली, मी शब्द दिला. ओले कपडे छातीशी धरून त्या शूटिंगभर उन्हात उभ्या राहिल्या. झगा भिजत होता. तेव्हा मला वाटलं, काय सौदा जमवला! आता तो झगाच दिसत राहतो.

फिल्ममध्ये तोफेच्या दृश्यावर निवेदकाचा आवाज येतो, "इथे आता कुणीच राहत नाही." नाव नाही.

"फ्लो तुटत होता, कट केलं," सुहास फोनवर म्हणाला.

बाई आता नव्वदीच्या आहेत. त्यांची मुलगी फिल्म बघून मला फोनवर विचारते, "भाऊ, आजोबांचं नाव कुठे येतं?" बेलव्ह्यूतल्या तुझ्या घरात बसून मला फ्लो शिकवू नकोस, सुहास. तिला उत्तर दे.