सासऱ्यांची हॅट

कुणी काही दिलं की आमचे शेजारी ते आधी अंगाला लावून बघायचे आणि म्हणायचे, "होतंय की." कंपनीच्या गणवेशाच्या बाह्या वीतभर आखूड आल्या, तरी "होतंय की." रोह्यात आमच्या खोल्या भिंतीला भिंत लागून. एकदा माझ्या बायकोने दिलेल्या लोणच्यात मीठ दुप्पट पडलं होतं. त्यांनी फोडी पाण्यात धुऊन खाल्ल्या आणि बरणी परत करताना तिच्या हाताची तारीफ केली.

त्यांचं डोकं मोठं होतं. हे तुम्हाला सांगणं भाग आहे.

त्यांचं लग्न गागोद्याला झालं. सासरे भातशेती करत, पण त्याआधी मुंबईत एका गोऱ्या साहेबाकडे स्वयंपाकी होते. साहेब कायमचा विलायतेला परतला तेव्हा आपली करडी फेल्टची हॅट त्यांना देऊन गेला. गावात तेवढी एकच हॅट. लग्नाच्या गडबडीत जावयाची टोपी आणायची राहिली आणि वरपक्षाच्या एका काकांनी ते भर मांडवात बोलून दाखवलं. सासऱ्यांनी स्वतःच्या डोक्यावरची हॅट काढली आणि जावयाच्या डोक्यावर ठेवली. ती बरणीवर पालथ्या घातलेल्या वाटीसारखी वरच राहिली.

"बसली?" सासऱ्यांनी विचारलं.

"बसली," हे म्हणाले, आणि पंगती उठेपर्यंत एका हाताने ती धरून हिंडले.

पुढे हॅट ट्रंकेत गेली. घालता ना, असं सासरे दर भेटीत विचारत आणि हे हो म्हणत. मुलं मोठी झाली. मग एकदा निरोप आला की म्हाताऱ्यांची नजर जात चालली आहे, थोडं दिसतंय तोवर लेकीकडे येतायत, आणि जावईबापूंना एकदा हॅट घातलेलं बघायचंय.

त्या संध्याकाळी शेजाऱ्यांनी मला हाक मारली. ट्रंकेतून निघालेल्या हॅटला बुरशी आली होती, कसरीने भोकं पाडली होती. त्यांच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, भाताचा कोंडा कोमट करून तिच्यावर चोळला आणि ब्रशने झाडला, तसे तेलकट डाग कोंड्याबरोबर निघाले. भोकं करड्या दोऱ्याने रफू केली. शेजाऱ्यांनी आतली कातडी पट्टी उसवली. फेल्ट ताणायला वाफ लागते, एवढं त्यांनी कुणाकडून तरी ऐकलं होतं. पण मोदकपात्र द्यायला वहिनी तयार होईनात. चतुर्थीला देवाला काय टोपीच्या वासाचे मोदक दाखवू, म्हणाल्या. मग त्यांनीच पात्रात पाणी ओतून ते स्टोव्हवर चढवलं.

पांगाऱ्याच्या लाकडाचा डोक्याच्या आकाराचा ठोकळा तासून शेजाऱ्यांनी तो मधोमध कापला होता. वाफेने मऊ झालेली हॅट त्यावर ओढून बसवली. मी धरायचं आणि त्यांनी फटीत पाचर ठोकायची, की पुन्हा वाफ. मध्येच काहीतरी करकरलं. त्यांचा चेहरा उतरला. फाटली नव्हती, लाकूडच चिरलं होतं. पण ते भिंतीला टेकून बसले ते बराच वेळ उठले नाहीत.

हॅट ठोकळ्यावरच वाळू दिली. जुनी पट्टी आता अपुरी पडली, म्हणून वहिनींच्या जुन्या पर्सचं कातडं कापून आत शिवलं.

सासरे आले तेव्हा जावई हॅट घालून दारात उभे होते. म्हाताऱ्यांनी अगदी तोंडाजवळ तोंड नेऊन पाहिलं. मग काठावरून बोटं फिरवली, आत घातली. नव्या पट्टीवर ती थांबली.

"तवा नव्हती बसली."

"नाय."

"मग इतकी वर्सं बोललात का नाय?"

"तुमी भर मांडवात उघड्या डोक्यानं उभे होता, मामा. कसं बोलणार?"

 म्हाताऱ्यांनी जावयाच्या डोक्यावरची हॅट उतरवून हातात घेतली आणि नुसती कुरवाळत राहिले. तेव्हा शेजाऱ्यांनी ती त्यांच्या हातातून घेऊन त्यांच्याच डोक्यावर ठेवली. ती थेट भुवयांवर उतरली. वहिनी तोंडाला पदर लावून हसायला लागल्या, मग म्हातारेही हसले.

दुसऱ्या दिवशी पाहतो तर शेजारी कागदाच्या घड्या करून पट्टीच्या आत भरत होते. थोडं भरायचं, सासऱ्यांच्या डोक्यावर ठेवून बघायचं, पुन्हा काढायचं. एवढा जीव काढून मोठी केलेली हॅट ते आता लहान करत बसले होते. मी काही विचारायच्या आतच म्हणाले, "त्यांचीच हाय ती."

म्हातारे हॅट घालून वडखळमार्गे एसटीने घरी गेले. नजर पुरती गेल्यावरही रोज सकाळी ती घालून अंगणात बसतात, असं कळायचं.

निवृत्तीनंतर शेजारी पेणला राहायला गेले आणि तिथेच वारले. मला मात्र ते दिसतात ते त्याआधीचे, सासरे गेले त्या दिवशीचे. मी त्यांच्याबरोबर गागोद्याला गेलो होतो. अंघोळ घालताना कुणीतरी हॅट काढून खुंटीला अडकवली होती. आता ही तुमचीच, असं मेव्हणे त्यांना म्हणाले. त्यांनी ती खुंटीवरून काढली, फुंकर घालून धूळ उडवली, तिरडीशी गुडघे टेकून बसले आणि सासऱ्यांच्या डोक्यावर ठेवली. एका बाजूला काठ जरा वाकला होता. तो त्यांनी दोन बोटांनी सरळ केला.