मरोळचं पिल्लू
रबरी पिशवीत गरम पाणी ओतलं की जो वास येतो, तो मला थेट मरोळच्या आमच्या जुन्या प्रयोगशाळेत नेऊन आपटतो. तिथला एसी असा, की ध्रुवावरचं अस्वलही स्वेटर मागेल. त्या दुपारी उंदराचं एक पिल्लू गुंगीत पडलं होतं आणि डोक्यावर टेकवलेल्या बारीक नळीमुळे त्याच्या मेंदूतला रक्ताचा प्रवाह पडद्यावर रेघेसारखा दिसत होता. अचानक वीज गेली. यंत्र बॅटरीवर चालू राहिलं, पण पिल्लाखालची गरम गादी गार पडली आणि रेघ भराभर उतरू लागली. माझ्या खारदांड्याच्या सहकारिणीने थर्मासमधलं गरम पाणी रबरी हातमोज्यात भरलं, गाठ मारली आणि तो मोजा पिल्लाला लावून धरला. “चढ ना रे बाबा, चढ!” ती रेघेला दटावत होती. “माझ्यासाठी कधी एवढं केलंस का गं?” मी म्हणालो. “तू गप रे!” हळूहळू रेघ चढली. आम्ही असे ओरडलो, की वर्सोव्याच्या होड्या हलल्या असतील. मागून प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या, “झकास. मोजणी झाली. आता शेवटचं इंजेक्शन दे, मेंदू तपासायला पाठवायचाय.” ते आधीपासून ठरलेलंच होतं, त्या धावपळीत आम्हीच विसरलो होतो. तिने इंजेक्शन दिलं, पण मोजा गार होईपर्यंत हात काढला नाही. आता मी माझ्या लेकीच्या पायाशी पिशवी ठेवताना सांगतो, की ते पिल्लू मांजराएवढं झालं आणि अजून मरोळभर कुत्र्यांना पळवतं. “त्याला थंडी नाही ना वाजत?” ती विचारते. “नाही गं,” मी म्हणतो, आणि पिशवीचं झाकण पुन्हा एकदा घट्ट करतो.