पिंपावर लिहिलं होतं ‘तयार’

आमच्या कारखान्यात पावडरवाली ताई म्हटलं की प्रयोगशाळेतली ती एकच बाई. नऊ वर्षं एकाच पांढऱ्या पावडरीच्या मागे होती. नवरा वैतागून म्हणायचा, तुझं लग्न माझ्याशी झालंय की भट्टीशी? ती हसायची आणि सकाळी सगळ्यांच्या आधी हजर व्हायची.

मी गोळी विभागात. पावडर दळायची, दाबून गोळ्या पाडायच्या, त्या रिअ‍ॅक्टरमध्ये भरायच्या. मला समजावून सांगायची तिला भारी हौस. म्हणायची, दादा, या कणाच्या आत बोळ आहेत आणि बोळांच्या भिंतींवर आंबट जागा. टाकीतलं टोल्युइन रसायन आत शिरलं की त्या जागांवर त्याची तीन भावंडं होतात, एक सडपातळ आणि दोन आडवी. बोळ इतके अरुंद की सडपातळ तेवढं सहज सुटतं. आडवी आत अडकतात आणि उलटीपालटी होत होत सडपातळ झाली की बाहेर पडतात. गिऱ्हाइकाला हवं असतं ते सडपातळच.

मग अडलंय कुठे, मी विचारलं. तर म्हणे दाराशी. कणाच्या बाहेरच्या अंगावरही त्याच आंबट जागा. बाहेर आलेलं सडपातळ तिथे टेकलं की पुन्हा आडवं, आणि केलेलं सगळं पाण्यात. म्हणून तिने कणाकणाला बाहेरून सिलिकाचा पातळ थर दिला. बाहेरच्या जागा मेल्या, आतल्या जिवंत राहिल्या. प्रयोगशाळेत शंभरात ब्याण्णव सडपातळ निघालं. साहेबांनी बजावलं, रिअ‍ॅक्टर एकदाच मिळेल. जमलं नाही तर असली पावडर बाहेरून आणू आणि तुझी खोली बंद.

ताईने जिवाचं रान करून पिंप भरलं, वर कागद चिकटवला: ‘तयार’.

प्रयोगशाळेत ‘तयार’ म्हणजे काम झालं, आता फक्त गोळ्या पाडा. आमच्याकडे ‘तयार’ म्हणजे दळायला तयार. माझी सगळी नोकरी त्याच अर्थात गेली. मी दळलं. ताईचं काम म्हणून, गाढवासारखं, दोनदा दळलं.

रिअ‍ॅक्टरमधून शंभरात एकतीस आलं. बैठकीत ती ब्याण्णवचा आकडा दाखवत राहिली. तिसऱ्या दिवशी ती आमच्याकडे आली, उरलेली चिमूटभर पावडर बोटांत चोळून पाहिली.

"दादा, दळलीत?"

"तयार लिहिलं होतं ना, ताई."

तिने ती चिमूट माझ्यासमोर धरली. कण फुटले होते, थर तुटला होता, नवी आंबट अंगं उघडी पडली होती. मी तडक साहेबांकडे गेलो, म्हटलं चूक माझी, तिला आणखी एक संधी द्या. ते शांतपणे म्हणाले, बाहेरचा माल भरून झालाय, आता तीन वर्षं रिअ‍ॅक्टर उघडणार नाही. मला असा संताप आला की टेबल उलटावंसं वाटलं. उलटलं नाही. नोकरी माझीही होती.

तिच्या खोलीत आता रिकामी खोकी ठेवतात. ताई सांडपाणी तपासते. काल तिच्याकडे गेलो तर बाटल्यांची रांग, आणि प्रत्येकीवर तिच्या बारीक अक्षरात लिहिलेलं: ‘पाणी. तपासून झालं. याचं पुढे कोणीही काहीही करू नये.’

"आता कळतं ना, दादा?" तिने विचारलं. टोमणा नव्हता, खरंच विचारत होती.

मी म्हटलं, हो ताई, आता कळतं.