साडूंची वाइड अँगल लेन्स

फोटोतल्या माणसाकडे ढुंकूनही न बघता फोटो काढणारा माणूस अख्ख्या पुण्यात एकच असेल, आणि तो नेमका माझा साडू निघावा, याला नशीब म्हणतात. धाकट्या मेहुणीचे हे यजमान संगणकाच्या कंपनीत. कंपनीने तीन महिने परदेशी धाडलं, तर तिथून लोक चॉकलेटं आणतात, यांनी वाइड अँगल झूम लेन्स आणली. आणली ती आणली, आणि पुढे सहा महिने तिचे दोष शोधत बसले. धायरीला आमच्या फ्लॅटवर आले, की माझा न वाचलेला पेपर भिंतीला चिकटवायचे आणि त्याचा फोटो काढून चारही कोपऱ्यांतली अक्षरं पुसट आलीत का ते बघायचे. दोरीवरच्या माझ्या बनियनच्या काठाला फोटोत जांभळी कड दिसली, तेव्हा त्यांना लॉटरी लागल्याचा आनंद झाला. माझ्या लेकीचा दहावीच्या सत्कारातला फोटो दाखवत म्हणाले, "दादा, चेहरा राहू द्या, मागचा पडदा बघा. वाइडला इतकं मऊ धूसर येत नाही हो सहसा!"

मी हसायचो, पण खरं सांगतो, पोटात दुखायचं. वीस वर्षं सासुरवाडीचे सगळे फोटो मी माझ्या रोलच्या कॅमेऱ्याने काढत आलो होतो. थोरल्या जावयाचा तेवढाच एक मान उरला होता. सासरेबुवांच्या सहस्रचंद्रदर्शनाला मी कॅमेरा गळ्यात घालूनच गेलो, तर ते म्हणाले, "आज धाकट्यांना काढू द्या. तुमच्या कॅमेऱ्याला आता पेन्शन द्या."

साडूंनी ट्रायपॉड लावला आणि प्रामाणिकपणे जाहीर करून टाकलं, "कडेला उभे राहतील ते जाड दिसतील. दोष लेन्सचा आहे, माझा नाही." झालं! सगळ्या बायका मध्यभागी घुसल्या आणि सासरेबुवा खुर्चीसकट दिसेनासे झाले. मला मनातून फार बरं वाटलं. पण साडूंनी एकेकीला समजावून बाजूला केलं, मला सासरेबुवांच्या खुर्चीशेजारी उभं केलं, टायमर लावला आणि धावत जाऊन स्वतः अगदी टोकाला उभे राहिले.

सासरेबुवांना जाऊन आता चार वर्षं झाली. परवा त्यांचा माझ्याबरोबरचा एखादा फोटो शोधायला मी सगळे अल्बम काढले. वीस वर्षांत एकाही फोटोत मी नव्हतो. काढणारा मीच होतो ना! आहे तो हा एकच. त्यात सासरेबुवांनी माझं मनगट धरलंय, आणि टोकाला साडूंचा चेहरा ताणून भोपळ्याएवढा झालाय. फोटो सुरेख आलाय. फोन करून हे त्यांना सांगावं असं रोज वाटतं, पण जीभ काही रेटत नाही.