त्याच्या वाट्याचा अर्धा पडदा

दादाचं आणि माझं एकाच गोष्टीवरून वाजायचं, ठोकळ्यांच्या गेमची सुरुवात कशी करायची यावरून. नव्वदच्या दशकात मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी टीव्हीला जोडायचा, दोन रिमोटचा व्हिडिओ गेम आला होता. दोघांचा डाव लावला की पडद्याचे दोन भाग होत, डावा माझा, उजवा त्याचा. वरून ठोकळे पडत. आडवी ओळ भरली की ती नाहीशी होई. एकदम चार ओळी घालवल्या तर समोरच्याचा ढीग खालून वर ढकलला जाई.

मी ओळ भरली की लगेच घालवायचे. दादा मात्र सगळे ठोकळे डावीकडून रचत आणायचा, उजव्या कडेची एक पट्टी रिकामी ठेवायचा आणि लांब दांडीची वाट बघत बसायचा. "उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग," तो मला म्हणायचा, "सुरवातीलाच घाई करतीस, मग मागनं रडतीस की." दांडी आली की ती उभी करून त्या पट्टीत सोडायचा, चार ओळी एकदम जायच्या, माझा खेळ खल्लास, आणि वर हा हसायचा. फार राग यायचा मला त्याचा.

दादा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना, कळंब्याकडून येताना, त्याची मोटारसायकल रस्त्यात बंद पडलेल्या उसाच्या ट्रॉलीवर आदळली. तो गेला.

बाराव्यानंतर त्याचे कपडे वाटून टाकले. गेम मी कुणाला देऊ दिला नाही. दुपारी एकटीच दोघांचा डाव लावायचे. त्याचा रिमोट फरशीवर पडलेला असायचा आणि त्याच्या भागात ठोकळे आपले पडत राहायचे, मधोमध, एकावर एक, थेट वरपर्यंत. मी जिंकायचे. तो ढीग बघवायचा नाही, तरी दुसऱ्या दिवशी परत लावायचेच. त्याची ती सुरुवात आता फक्त मला ठाऊक आहे, मी विसरले तर तो पुरताच गेला, असं माझ्या मनानं घेतलं होतं.

एका दुपारी आई स्वयंपाकघरातून आली आणि त्याचा रिमोट घेऊन बसली. तिनं कधी त्या गेमला हात लावला नव्हता. मी चिडून म्हटलं, "ठेव ते." तिनं ऐकलं नाही. पहिला ठोकळा डाव्या कडेला नेला, दुसरा त्याला लागून. धडपडत ढीग वाढत गेला आणि उजवी पट्टी तिनं रिकामी ठेवली. भाकरी थापता थापता ती इतकी वर्षं त्याचा खेळ बघत होती.

मग दांडी आली, ती आडवी. आई बटणं चाचपू लागली.

"ही उभी कशी करायची गं?"

मी तिचा अंगठा धरून बटणावर ठेवला. दांडी कडेला उतरली, चार ओळी गेल्या, माझा ढीग वर चढला.

"हितं त्यो हसायचा बघ," आई म्हणाली, आणि आम्ही दोघी कान देऊन ऐकत राहिलो.