रिव्हर्स नसलेली गाडी

आमच्या शेजाऱ्यांच्या विलायती गाडीला रिव्हर्स नाही. इंग्रजांच्या वेळची, चार दारांची, बंद टपाची हिरवी गाडी. तसली दुसरी मी गोंदियात सोडा, नागपुरातही पाहिली नाही, मग तिच्या मोडलेल्या गिअरच्या जागी दुसरा मिळणार कुठून? त्यामुळे कुठंही जायचं तर शेजारी आधी तिथून बाहेर पडायचा रस्ता विचारतात. पण गाडीत बिघाड आहे, हे काही कबूल करणार नाहीत. "मागं जाऊन करायचं काय जी?" असं उलट आपल्यालाच ऐकवतात.

केशोरी गावात माझ्या भाचीची बिदाई, म्हणजे सासरी पाठवणी, त्याच गाडीतून झाली. चालवायला अर्थात शेजारीच, आणि त्यांच्या बाजूला मी. गाडी गल्लीतून बाहेर पडली आणि मागच्या सीटवरून भाची रडतच म्हणाली, "मामा, बाबा भेटलेच नाही."

भाऊजी कुठं असतील ते मला ठाऊक होतं. चारचौघांत रडू नये म्हणून ते गोठ्यामागं जाऊन बसले असणार.

तिच्या पलीकडे नवरदेव होता, आणि त्याच्या पलीकडे बसलेले त्याचे काका लगेच बोलले, "बिदाईची गाडी वापस नाही नेत. अपशकुन होते."

शेजाऱ्यांनी गाडी तलावाच्या पाळीवर, बांधाच्या रस्त्याला घातली, अख्ख्या तलावाला वळसा घातला आणि गल्लीच्या दुसऱ्या टोकानं पुन्हा मांडवापुढं आणून उभी केली.

"आणली ना वापस!" काका भडकले.

"वापस कुठं आली जी? समोरच तं चालून राहिली," ते म्हणाले, आणि गोठ्याकडं बघत त्यांनी लांब हॉर्न दिला.